हमीपत्राची शिष्यवृत्ती

गेल्या महिन्यात आमच्या कार्यालयात एक कागद आला. पाठविणारे गृहस्थ एका देवस्थानच्या व्यवस्थापक समितीचे सभासद असून आमचे जुने स्नेही आहेत. "वकीलबाब, मजकूर ठरलेला आहे, भाषा तेवढी पक्की करून द्या" एवढीच त्यांची विनंती होती. उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्या महाजनांच्या मुलांना देवस्थानच्या निधीतून एक लाख रुपये देण्याचा विचार आहे, आणि त्या बदल्यात मुलाने व त्याच्या पित्याने एका हमीपत्रावर सही करावयाची आहे. कलमे चार. परदेशात आपली संस्कृती व कुलाचार यांस अनुसरून वर्तन ठेवीन, हे पहिले. अभक्ष्यभक्षण व अपेयपान करणार नाही, हे दुसरे. शक्यतो स्वसमाजातील विद्यार्थ्यांबरोबरच राहीन, हे तिसरे. आईवडिलांशी दररोज व समितीशी दरमहा संपर्क ठेवून आपल्या वर्तनाचा वृत्तांत कळवीन, हे चौथे. यांपैकी कशाचाही भंग झाल्यास रक्कम सव्याज परत.

शिष्यवृत्तीची कल्पना उत्तम आहे, हे आधीच सांगतो. देवाचा पैसा विद्येकडे वळतो आहे, याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु या हमीपत्राची भाषा आम्ही पक्की करणार नाही. किंबहुना ते कच्चेच राहावे आणि कच्चेपणीच फाडले जावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वकिलाने प्रथम कायद्याचे बोलावे. १८७२ च्या करारविषयक कायद्याचे २९ वे कलम सांगते की, ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही व निश्चित करताही येत नाही, तो करार रद्दबातल होय. "संस्कृतीस अनुसरून वर्तन" याचा अर्थ कोणते न्यायालय निश्चित करणार? आणि दुसऱ्या कलमाविषयी तर बोलावयाचीही आम्हांस भीड वाटते. ज्या समितीच्या निम्म्याहून अधिक सभासदांच्या घरी सोमवार-गुरुवार व सणवार सोडले तर बांगड्याला रजा मिळत नाही, तिने अभक्ष्याची व्याख्या करण्यास बसावे, हा प्रसंग पाहावयास आम्ही पदरमोड करूनही येऊ! परंतु ही थट्टा येथेच पुरे. हे हमीपत्र कायद्याने टिकत नाही, हा आमचा लहान आक्षेप आहे. मोठा आक्षेप निराळा आहे, आणि तो सांगावयाचा तर आमच्याच हातून घडलेली एक गोष्ट सांगितली पाहिजे.

आमच्या एका जुन्या अशिलाचा मुलगा तीन वर्षांपूर्वी जर्मनीतील एका लहान विद्यापीठनगरात यंत्रशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी गेला. त्या देशातील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीशुल्क नाही, म्हणून आपल्याकडील मध्यमवर्गाची दृष्टी अलीकडे तिकडे लागली आहे. २०२२-२३ पासून तेथील परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांची संख्या चिनी विद्यार्थ्यांनाही मागे टाकून पहिल्या क्रमांकावर गेली. शुल्क नसले तरी वर्षभराच्या निर्वाहाची रक्कम आधी तेथील बँकेत अडकवून ठेवावी लागते. २०२४ च्या सप्टेंबरापासून ती ११,९०४ युरो आहे, म्हणजे तेव्हाच्या दराने अकरा-बारा लाख रुपयांच्या घरात. आणि त्यातून महिन्याला ९९२ युरोच हाती पडतात. आमच्या अशिलाच्या वेळी ती थोडी कमी होती, तरी तेवढ्यासाठी त्याने राहते घर गहाण टाकले. गहाणखताचा मसुदा आम्हीच केला. जाण्यापूर्वी देवळाच्या सभामंडपात शाल, श्रीफळ आणि सत्कार झाला. त्या सत्काराला प्रमुख वक्ते म्हणूनही आम्हीच होतो. आम्ही सुमारे पाऊण तास बोललो. कुलाचार, मातृभूमी, ज्ञानाची गंगा, काही म्हणून राहू दिले नाही. त्या मुलाला तांदूळ शिजविता येतो काय, भाडेकरार वाचता येतो काय, परक्या माणसाजवळ मदत मागता येते काय, हे आम्ही विचारले नाही. मंडपात हजर असलेल्या शंभर-सव्वाशे माणसांपैकी कोणीही विचारले नाही. घरी त्याने पाण्याचा तांब्या आपल्या हाताने भरून घेतलेला आम्ही कधी पाहिला नव्हता, तरीही विचारले नाही.

तो ऑक्टोबरच्या आरंभी, एका शनिवारी संध्याकाळी तेथे पोहोचला. खोली येथूनच एका मध्यस्थामार्फत ठरविलेली होती. अनामत व पहिल्या महिन्याचे भाडे रुपयांत भरले होते. पत्ता खरा होता, घरही खरे होते, फक्त घरमालकाला यातले काहीच ठाऊक नव्हते. दोन बॅगा घेऊन मुलगा रस्त्यावर. दुसऱ्या दिवशी रविवार. जर्मनीत रविवारी दुकाने बंद असतात, आणि ही नुसती रूढी नव्हे: १९१९ च्या वायमार राज्यघटनेतील रविवारच्या विश्रांतीचे कलम १९४९ च्या मूलभूत कायद्यात जसेच्या तसे सामावून घेतलेले आहे. घटनेने एका वाराला संरक्षण द्यावे याचे वकील म्हणून आम्हांस मोठे कौतुक वाटते. पण त्या मुलाने तो घटनात्मक रविवार स्वस्त प्रवासीनिवासाच्या खाटेवर बसून आईने दिलेला चिवडा आणि आंब्याचे साट खाऊन काढला. बॅगेत उकडे तांदूळ होते, सोलां होती, तिरफळे होती. ती शिजविण्याला चूल नव्हती.

पुढची अडचण पैशाची नव्हे, कागदाची. त्या देशात घर घेतल्यावर दोन आठवड्यांच्या आत नगरकचेरीत पत्त्याची नोंद करावी लागते, आणि त्या नोंदीसाठी घरमालकाचे लेखी प्रमाणपत्र लागते. खोली नाही म्हणून प्रमाणपत्र नाही, प्रमाणपत्र नाही म्हणून नोंद नाही. नोंद नाही म्हणून त्या मुलाला बँकेने खाते उघडून देण्याचे नाकारले, आणि खाते नाही म्हणून अडकविलेली रक्कम सुटेना. स्वतःचे लाखो रुपये त्या देशात पडून असता मुलगा एका वेळच्या पावावर राहिला. त्याला आसरा दिला तो वर्गातल्या तिघांनी: एक हैदराबादचा तेलुगू, एक कोट्टयमचा ख्रिस्ती आणि एक लाहोरचा मुसलमान. त्यांच्या दीड खोलीत तो जमिनीवर सात आठवडे झोपला. हमीपत्राच्या तिसऱ्या कलमाचा हा उघड भंग होय. समितीने व्याजाचा हिशेब करावा.

या सात आठवड्यांत त्याने घरी रोज फोन केला. एक दिवस चुकला नाही. चौथ्या कलमाचे याहून काटेकोर पालन कोणी करील असे वाटत नाही. आई विचारी, "जेवलो रे पुता?" आणि तो म्हणे, "जेवलों गे आई." तो विद्यापीठाच्या ग्रंथालयातील एका कोपऱ्यात, पांढऱ्या भिंतीपुढे बसून चेहरा दाखवीत असे, आईला वाटे, हीच मुलाची खोली, आणि खोली किती स्वच्छ ठेवतो! शेजारणींना तिने ती भिंत दाखविलीही. तो खोटे का बोलला? कारण त्याच्या सत्काराची छायाचित्रे घरोघर पोहोचली होती. कारण वडिलांचे घर गहाण होते. कारण मंडपातल्या भाषणात आम्ही त्याला समाजाचा ध्वज म्हटले होते, आणि ध्वजाला भूक लागली असे सांगता येत नाही.

नोव्हेंबराच्या अखेरीस एका रात्री दोन वाजता आमचा फोन वाजला. तो बोलत होता. प्रकृती, खोली, मध्यस्थ यांतले काही नाही. त्याने एकच प्रश्न विचारला: "मी परत आलो तर आमचे घर जाईल का? कागद तुम्ही केला आहे, म्हणून विचारतो."

आम्ही तीसेक वर्षे नसली तरी बरीच वर्षे वकिली करीत आहो. अशिलाच्या प्रश्नाला उत्तर देताना आमची जीभ सहसा अडखळत नाही. त्या रात्री अडखळली.

पुढे डिसेंबरात त्याला विद्यार्थी-वसतिगृहात खोली मिळाली, नोंद झाली, खाते उघडले, आणि गाडी रुळावर आली. पहिल्या आठवड्यात मोहरीची फोडणी टाकली तेव्हा छतावरील धूरसूचक यंत्राने हाहाकार केला आणि सारे मजले थंडीत अंगणात उभे राहिले. तेव्हापासून तो खिडकी उघडून फोडणी टाकतो. तेथे थंडीतही दिवसातून दोन-तीनदा खिडक्या सताड उघडून हवा खेळवावी लागते, नाहीतर भिंतींना बुरशी धरते आणि ती अनामतीतून कापली जाते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. कागद, प्लॅस्टिक व ओला कचरा यांच्या वेगवेगळ्या पेट्या. रात्री दहानंतर शांतता. रिकामी बाटली दुकानात परत केल्यास मिळणारे २५ सेंट. वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करण्याची मुभा. डिसेंबरात चार वाजताच होणारा काळोख, आणि त्या काळोखाबरोबर मनावर येणारे मळभ. परदेशातील जीवन म्हणतात ते बहुतांशी हेच. यांतले एकही पान आमच्या पाऊण तासाच्या भाषणात नव्हते, आणि समितीच्या चार कलमांतही नाही.

हमीपत्राचे समर्थक गांधीजींचे नाव घेतात, आमच्या स्नेह्यांनीही घेतले. १८८८ साली विलायतेस जाताना मोहनदास गांधींनी मद्य, मांस व स्त्रीसंग वर्ज्य करण्याची शपथ घेतलीच होती, मग आमच्या मुलांनी घेतली तर बिघडले कोठे? युक्तिवाद वरून सफाईदार आहे. परंतु साक्षीदाराची उलटतपासणी केली पाहिजे. ती शपथ त्यांनी आईसमोर घेतली होती, जातीच्या पंचांसमोर नव्हे. पंचांनी काय केले? त्यांनी मुंबईत सभा भरवून अठरा-एकोणीस वर्षांच्या त्या पोराला वाळीत टाकले, आणि जो त्याला मदत करील किंवा धक्क्यावर निरोप द्यावयास जाईल त्याला सवा रुपया दंड ठरविला. शपथ लंडनमध्ये टिकली तीही पंचांच्या धाकाने नव्हे. अर्धपोटी राहून, शहरभर पायपीट करून त्यांनी फॅरिंग्डन स्ट्रीटवरील शाकाहारी खाणावळ शोधून काढली, पैचा हिशेब ठेवला, खोली बदलली, सकाळची ओटची लापशी स्वतः शिजवू लागले, शाकाहारी मंडळात जाऊन परक्या माणसांशी मैत्री केली. म्हणजे शपथ पाळण्यासाठी त्यांना समितीचे तिसरे कलम पदोपदी मोडावे लागले. परत आल्यावर १८९१ त नाशिकला गोदावरीस्नान आणि राजकोटास जातिभोजन झाले, तरी जातीतील एका तटाने त्यांना घेतले नाही ते नाहीच.

आनंदीबाई जोशींचेही उदाहरण निघते. त्यांनी १८८३ त श्रीरामपूर येथील सभेत हिंदू म्हणूनच जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन असे सांगितले आणि ते अक्षरशः खरे केले. परंतु अठरा वर्षांची ती मुलगी अमेरिकेत उभी राहू शकली ती न्यू जर्सीतील कार्पेंटरबाईंच्या घराच्या आधारावर, ज्यांना ती मावशी म्हणत असे. १८८६ त डॉक्टर होऊन त्या परतल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेल्या. त्यांच्या रक्षेचा अंश आज न्यूयॉर्क राज्यात, कार्पेंटर कुटुंबाच्या स्मशानभूमीत आहे. परक्या मावशीने आपल्या घरच्या माणसांत जागा दिली, यात संस्कृतीचा भंग कोठे झाला ते आम्हांस कोणी दाखवून द्यावे.

आणि शिष्यवृत्तीच्या बदल्यात लिहून घेतलेला करारच पाहावयाचा असेल, तर बडोद्याचे आमचे वाचक चांगले जाणतात असा एक आहे. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावयाची, असा लेख त्यांच्याकडून घेतला होता. मसुदा म्हणून त्यात दोष काढता येणार नाही: अट स्पष्ट, मुदत स्पष्ट, मोबदला स्पष्ट. आहार-विहाराचा त्यात शब्द नव्हता. न्यूयॉर्कमध्ये वसतिगृहात त्यांना एका पारशी मित्राबरोबर खोली मिळाली, लंडनमध्ये मिळाली. १९१७ त करार पाळण्यासाठी ते बडोद्यास आले, आणि तेथे मात्र हिंदूंची एकही खाणावळ त्यांना घेईना. नाव लपवून एका पारशी पथिकाश्रमात राहिले, तेथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले. अट विद्यार्थ्याने मोडली नाही. आपण त्याला ती पाळू दिली नाही. संस्कृतीची हमी कोणी कोणाकडून मागावी हा प्रश्न निघालाच आहे, तर हा दाखलाही दप्तरात असू द्यावा.

तिसऱ्या कलमाविषयी गोमंतकीयांना तरी अधिक सांगण्याची गरज पडू नये. बर्लिनमध्ये शिकत असता राममनोहर लोहियांची आसोळण्याच्या जुलियांव मिनेझिसांशी ओळख झाली, म्हणून लोहिया १९४६ त विश्रांतीसाठी त्यांच्या घरी आले, आणि त्या विश्रांतीतून मडगावचा १८ जून उगवला. दोघांनीही स्वसमाजातीलच सोबती धरावयाचे ठरविले असते तर?

आता दुसरी बाजू. आईबापांची भीती खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. घर गहाण टाकलेला बाप रात्री झोपत नाही, हे आम्ही पाहिलेले आहे. आणि दूरच्या मुलाचा चेहरा रोज पाहावा असे आईला वाटणे यात गैर ते काय? मुले वाट चुकतात, व्यसने लागतात, हेही खरे. परंतु हमीपत्राने यांपैकी काय टळते? जो वाट चुकणार तो सही करून चुकेल. जो सरळ आहे पण अडचणीत आहे, त्याचे मात्र तोंड हे हमीपत्र शिवून टाकील. कारण मदत मागणे म्हणजे वृत्तांत देणे, आणि वृत्तांत देणे म्हणजे व्याजासह रक्कम परत करणे. आमच्या अशिलाच्या मुलाने सही कशावरही केली नव्हती. नुसत्या एका भाषणाने त्याला सात आठवडे खोटे बोलावयास लावले. चार कलमे काय करतील?

आणखी एक गोष्ट आपल्या महाजनांनी आठवावी. १५६० च्या सुमारास कुशस्थळीचा मंगेश आणि पुढे केळशीची शांतादुर्गा नदी ओलांडून अंत्रुजात आल्या, तेव्हा तो मुलूख आदिलशहाचा होता. आपल्या कुलदेवतांनी परमुलखात बिऱ्हाड केले, दुसऱ्याच्या जमिनीवर केले, आणि ज्यांनी जागा दिली त्यांचा धर्म कोणी विचारला नाही. देवळे उभी राहिली तेव्हा आपल्या पूर्वजांनी भोवती अग्रशाळा बांधल्या. दुरून आलेल्या माणसाला प्रथम काय लागते हे त्यांना स्वानुभवाने ठाऊक होते: छप्पर, पाणी आणि चूल. येणाऱ्याकडून त्यांनी वर्तनाचे हमीपत्र लिहून घेतल्याचे आमच्या वाचनात नाही.

तेव्हा जत्रेनंतरच्या सर्वसाधारण सभेत आम्ही उपसूचना मांडणार आहो. रक्कम एक लाखच राहावी. तिच्याबद्दल पावती घ्यावी, शपथ घेऊ नये. ती शाल-श्रीफळाबरोबर न देता, मुलाला किंवा मुलीला खरी खोली मिळाल्यावर अनामतीसाठी थेट द्यावी. जर्मनीत कायद्याने अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी असते. तेवढ्यास ती बहुधा पुरेल. मध्यस्थाला येथून रुपयांत भाडे भरण्यापूर्वी कागद आमच्याकडे आणावा. आम्ही तो विनामूल्य वाचू, आणि आमच्या व्यवसायातील आणखी दोघांनी तसे कबूल केले आहे. परदेशी गेलेल्या आपल्या मुलांपैकी जी मुले नव्या माणसाला स्टेशनवर उतरून घेतील व दोन रात्री निजावयास जागा देतील, त्यांची यादी देवस्थानच्या कचेरीत असावी, आणि त्या यादीत केवळ आपल्याच समाजाची नावे असावीत असा आग्रह नसावा. जाण्यापूर्वी पंधरा दिवस प्रत्येकाने अग्रशाळेच्या स्वयंपाकघरात आचाऱ्याच्या हाताखाली काम करावे. भात, वरण, एक भाजी, भांडी घासणे आणि सांडपाणी काढणे, एवढे आले की पुरे. आचाऱ्यांना आम्ही विचारले. त्यांची हरकत नाही, मात्र मुलांनी पहाटे पाचला आले पाहिजे, असे ते म्हणाले.

सत्काराच्या भाषणाविषयी उपसूचनेत काही लिहिलेले नाही. तेवढे आम्ही आमच्यापुरते ठरविले आहे. या वर्षी दोन मुली आणि एक मुलगा जाणार आहेत. आम्हांस बोलावणे आले, तेव्हा भाषणाऐवजी तिघांनाही एकेकटे आमच्या कार्यालयात पाठवावे असे कळविले. त्यांच्याजवळ आम्ही आमचा फोन क्रमांक देऊन ठेवला आहे, आणि कोणत्याही वेळी वाजला तरी चालेल असे सांगितले आहे. हमीपत्राचा मसुदा स्नेह्यांकडे परत गेला, भाषा न सुधारता. चौथ्या कलमापुढील समासात पेन्सिलीने एवढेच विचारले आहे की, मुलाने दरमहा समितीला कळवावयाचे, ते ठीक. समितीने मुलाला काय कळवावयाचे? अजून उत्तर आलेले नाही.